कुठनं शिरली?

आळीत कुणाच्या घरात भांडं पडलं आणि पाठोपाठ बाईमाणसाचा आवाज चढला, की आमच्या समोरच्या घराची कडी वाजायची. नाना बाहेर यायचे. एका हातात पक्कड, खांद्यावर तारेचं भेंडोळं. त्यांच्या मांजरीनं काय सांडलं, काय खाल्लं, हे ते विचारत नसत. ओरडणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत मान खाली घालून उभे राहायचे आणि मग एकच विचारायचे,

“कुठनं शिरली?”

मी अजून गोष्ट लिहायला शिकतेच आहे. त्यामुळे नाना मला नीट दाखवता येतील का, माहीत नाही. पण तुम्हीही कुठल्या ना कुठल्या आळीत राहत असाल. तिथं एखादं मांजर असेल, त्याच्यावरून भांडणंही होत असतील. तेव्हा माझं जे सांगायचं राहील, ते तुम्हाला कळेल असं वाटतं.

आमची वाडी वेल्ह्याच्या डोंगरात. घरी शेळ्या-मेंढ्या, चार जनावरं. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. म्हणून भोरला काकूंच्या माडीवर एक खोली घेतली; तिचा जिना बाहेरून. काकू नात्यातल्या नव्हेत, पण सगळी आळी त्यांना काकूच म्हणते. काका टेम्पोवर. ते पहाटे भाजी घेऊन जायचे आणि घर दिवसभर काकूंच्या आवाजाच्या ताब्यात असायचं.

तिथल्या पहिल्याच सकाळी मी त्या आवाजानं जागी झाले.

“नाना, अवो नाना! तुमच्या ठकीनं आख्खी साय चाटली! आठवड्याची साय! आता लोणी काय तुमच्या डोक्यातनं काढू?”

मी घाबरून जिन्यात आले. खाली एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. काकूंचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं तो प्रश्न विचारला. काकूंनी रागानंच मोरीच्या खिडकीकडं बोट केलं. नाना तिथं गेले, गजांच्या मधून हाताची मूठ घालून बघितली आणि म्हणाले, “व्हय. हितनंच. डोकं गेलं की मांजर गेलं, वैनी.” मग त्यांनी तिथं जाळी ठोकली. तारेचं एकेक टोक पकडीनं आत वळवून दाबलं, वरून बोट फिरवून बघितलं.

“एवढं कशाला वळवताय?” काकू म्हणाल्या.

“टोचंल.”

“माझा हात न्हाई जात तिथं.”

“तुमास्नी न्हाई वो. तिला.”

काकू कपाळाला हात लावून आत गेल्या.

नानांचं सगळं आयुष्य कोंबड्यांच्या शेडवर गेलं होतं. भोरच्या आसपास पोल्ट्रीच्या शेडी बऱ्याच आहेत. त्यांना जाळ्या मारायच्या, मुंगूस आणि मांजर आत येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. काका त्यांची चेष्टा करायचे, “नाना, जन्मभर मांजरं हाकलली आन् म्हातारपणी मांजरच पाळली?” नाना म्हणायचे, “वळख झाली ना तेवढ्यात.”

ठकी त्यांना शेवटच्या शेडवरच मिळाली होती. ती तिथं शिरलेली पिल्लू. मालक म्हणाला, हिला नदीत सोड. नानांनी तिला कोंबड्यांच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्यात घातलं आणि नदीवरून सरळ घरी आणलं. त्यांची बायको त्याआधीच गेली होती, मुलगी नसरापूरला दिलेली. पोत्यातून बाहेर पडल्यावर ठकीनं सगळं घर हुंगलं आणि चुलीपाशी बसली. “मग म्या बी बसलो,” नाना सांगायचे. गोष्ट तेवढीच असायची.

ठकी अंगानं पांढरी, पाठीवर विटकरी ठिपके. चालणं एखाद्या मामलेदारासारखं. कोपऱ्यावरच्या मावशींचे वाळत घातलेले बोंबील तिनं ओढून नेले. गच्चीवरच्या ओल्या कुरडयांवरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि काही तरी विसरल्यासारखी परत आली. तक्रार झाली की नाना जायचे. जिथनं ती शिरली असेल तिथं जाळी बसायची. गच्चीला भिंती नव्हत्या, तर त्यांनी कुरडयांवर ठेवायला जाळीची एक मोठी पेटी करून दिली. हळूहळू आळीतलं प्रत्येक घर नानांच्या हातच्या तारेनं विणलं गेलं.

एकदा मी म्हणाले, “नाना, तिलाच घरात कोंडून ठेवा ना.”

त्यांना ते पटेना. “शेडात म्या कोंबड्या कोंडल्या ना जन्मभर. आता न्हाई कोंडणार कुणाला. ज्येला नको आसंल त्येनं आपलं दार लावावं. म्या लावून देतो की.”

आणि कुणी फारच बोललं, तर म्हणायचे, “मांजर हाय ती. तिला कुठं वाचता येतंय, ह्ये कुणाचं घर त्ये?”

माझ्याही खोलीत ती आली. वडिलांनी घरून दिलेल्या घोंगडीवर चिखलाच्या पायांनी झोपली. मी तक्रार केली नव्हती; माझा स्वभावच नाही. पण काकूंनी केली. नाना वर आले, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच घोंगडीकडं बघत राहिले.

“मेंढराचा वास येतोय तिला,” ते म्हणाले. मग मला विचारलं, “तुला बी येतो का गं ह्याच्यात घरचा वास?”

मी मान डोलावली. मला तेव्हा घरची फार आठवण यायची आणि हे कुणाला सांगितलं नव्हतं.

“मग खिडकी लावू का ऱ्हाऊ दे?”

“राहू दे,” मी म्हणाले. अख्ख्या आळीत जाळी नसलेली माझीच एक खिडकी उरली.

मग गौरींचे दिवस आले. काकूंच्या घरी गौरींचे शाडूचे मुखवटे होते, त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेले. थोरली आणि धाकटी. काकू त्यांना वर्षातून एकदा पेटीतून काढायच्या, मऊ फडक्यानं पुसायच्या आणि तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. त्या वर्षी पुसून फळीवर ठेवले होते. ठकीनं पोटमाळ्यावरून फळीवर उडी मारली आणि धाकटी खाली आली. नाक, ओठ, अर्धा गाल वेगळा.

काकू ओरडल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटली. त्या तुकडे पदरात घेऊन बसून राहिल्या. नाना आले. पकडीचा हात त्यांनी मागं लपवला. त्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर आळी जमली. काका म्हणाले, “बास झालं, नाना. मला सकाळी टेम्पो घिऊन जायचंच हाय. सारोळ्याच्या पुलापलीकडं सोडतो तिला.”

“पुलावर लई गाड्या असत्यात,” नाना म्हणाले.

“मग घाटात सोडतो.”

“घाटात बिबट्या हाय.”

“मग काय तिला पुण्याला फ्लॅट घिऊन देऊ?”

कुणी तरी हसलं. नाना नाही हसले. ते काकूंच्या समोर आले आणि म्हणाले, “वैनी, गौरी येईस्तवर येळ द्या. तुमचं घर म्या आसं बंद करतो, की मुंगी बी इचारून आत येईल. त्येच्या वर जर ती तुमच्या घरात घावली, तर काकांस्नी तरास न्हाई. म्या सोता पोत्यात घालीन.”

काकूंनी नुसती मान डोलावली. शब्द दिला गेला.

नंतरचे दिवस नाना काकूंच्या घराला चिकटलेले होते. कौलांच्या सांदी, मोरीचं तोंड, जिन्याखालचं भोक. खोकला लागला की भिंतीला टेकायचे. शेडातल्या धुळीनं त्यांची छाती कधीच गेली होती. मी चहा नेऊन द्यायचे. एकदा मी विचारलं, “नाना, नाहीच जमलं तर?”

“तर म्हंजे?” ते म्हणाले, आणि तार ओढत राहिले. टोक वळवून झाल्यावर म्हणाले, “घरात गेल्यावर कुणी तरी वर मान करून बघावं लागतं, पोरी. न्हाईतर घरात गेलो का न्हाई, त्येच कळत न्हाई.”

गौरी यायच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराचा वरचा झरोका तेवढा राहिला होता. नानांनी तिथं जाळी बसवली, टोकं वळवली, बोट फिरवलं. खाली उतरून त्यांनी काकूंना सांगितलं, “झालं. आता न्हाई शिरायची.”

काकूंनी दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढली. भोरच्या बाजारातून धाकटीसाठी नवा मुखवटा आणला होता. थोरली जुनी, रंग उतरलेली, धाकटी टवटवीत. काका हळूच म्हणाले, “जावा जावा वाटंनात ह्या. सासू-सून वाटत्यात.” काकूंनी डोळे वटारले, पण तोंड दुसरीकडं फिरवून हसल्या. आळीतल्या बाया जमल्या. काकू तुळशीपाशी गेल्या, दोन्ही मुखवटे ताम्हनात घेतले आणि उंबऱ्यापाशी आल्या.

तेवढ्यात आतून, वरून, आवाज आला. “म्यांव.”

सगळ्या बाया वर बघायला लागल्या. पोटमाळ्यावर, गौरींच्या रिकाम्या पेटीतल्या गवतावर ठकी बसली होती. सकाळपासून तिथंच झोपली असणार. नानांनी सगळं घर बंद केलं होतं, तिला आत ठेवून.

नानांनी सवयीनं तोंड उघडलं. “कुठनं...” झरोक्याकडं बघितलं, मोरीकडं बघितलं. मग गर्रकन वळले आणि आपल्या घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ते पोतं होतं, कोंबड्यांच्या खाद्याचं.

“नाना, ऱ्हाऊ द्या आता, सणाचं...” मावशी म्हणाल्या.

“न्हाई. घरात घावली. शबूद दिलाय.” त्यांनी शिडी लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, पण दुसरा काही वर जाईना.

काकू उंबऱ्याबाहेर होत्या. आत यायचं तर विधी पुरा व्हायचा होता, म्हणून त्या तिथूनच गरजल्या, अगदी सायीच्या दिवशीसारख्या.

“उतरा खाली! कोण शिरलीय? ती शिरलीय का? तुमी कोंडलीय तिला! एवढं आयुष्य जाळ्या मारण्यात घालवलं आन् मांजर आतल्या आंगाला हाय का भायेरच्या, ह्ये बघायचं कळत न्हाई व्हय तुमास्नी?”

“पर वैनी, शबूद...”

“शबूद ग्येला चुलीत. गौरी घरात यायच्या टायमाला कुणाला पोत्यात घालून घराभायेर काढत्यात का? माज्या घरात न्हाई चालायचं. व्हा बाजूला.”

मग त्या एकदम हळू आवाजात, पण ठसक्यात म्हणाल्या, “गौरी आल्या.”

बायांनी विचारलं, “कशाच्या पावली?”

“सोन्या-रुप्याच्या पावली,” काकू म्हणाल्या आणि आत आल्या. ठकी शिडीवरून उतरली, त्यांच्या शेजारून उलट दिशेनं बाहेर गेली. रांगोळीच्या पावलांमध्ये तिची चार बोटांची पावलं उमटली. ती कुणी पुसली नाहीत.

नाना पोतं छातीशी धरून शिडीपाशी उभे होते. त्यांना प्रसादाचं पान काकूंनीच वाढलं. “जेवा,” म्हणाल्या. “आन् उद्या माझ्या पेटीतली केसं येचून द्या.”

त्यानंतर ठकीला कुठं न्यायची गोष्ट कुणी काढली नाही. तक्रारी चालूच होत्या, तुम्हाला वाटेल तसं सगळं गोड झालं नाही.

पुढच्या थंडीत नानांचा खोकला वाढला. मुलगी नसरापूरहून न्यायला आली. ठकीला नेण्यासाठी टोपली आणली होती. ठकी कौलांवर चढून बसली आणि काही केल्या उतरेना. माणसं भरून नेणारी वडापची जीप कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होती. नाना वर बघून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. तिचं घर हाय.”

जाताना त्यांनी कुणाला तिच्याकडं बघा म्हणून सांगितलं नाही. काकूंच्या खिडकीची जाळी फक्त हातानं हलवून बघितली.

“घट हाय, वैनी. काळजी न्हाई.”

काकूंना काही बोलायचं होतं. पण त्यांनी “औषिदं येळेवर घ्या” एवढंच म्हटलं.

होळीच्या सुमाराला नाना गेल्याचा निरोप आला. काका-काकू नसरापूरला जाऊन आले. त्या रात्री घरात टीव्ही लागला नाही.

समोरच्या घराला कुलूप. ठकी काही दिवस त्या उंबऱ्यावर बसायची. मग काकूंच्या झरोक्याच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसायला लागली. जाळीला नाक लावून आत बघायची. काकू भाकरी थापत असायच्या आणि वर बघत नसायच्या. मी माझ्या खिडकीतून तिला बोलवायचे. ती यायची, घोंगडी हुंगायची आणि परत त्या जाळीपाशी जायची.

एक दिवस सकाळी मी कॉलेजला निघताना खाली आले. काकू चुलीपाशी होत्या आणि त्यांच्या शेजारी, अगदी चुलीच्या उबेला, ठकी वाटीतली साय चाटत होती.

माझ्या तोंडून आपोआप गेलं, “कुठनं शिरली?”

काकूंनी भाकरी उलटली. “चहा घेतीस का न्हाई?” म्हणाल्या.

मी वर बघितलं. झरोक्याच्या जाळीचा खालचा कोपरा कापलेला होता. मुठीएवढं भोक पुरलं असतं, काकूंनी परातीएवढं केलं होतं. त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तारेची सगळी टोकं वाकडीतिकडी, पण एकूण एक, आत वळवून दाबलेली होती.