मनकर्णाची गळकी चक्की

मनकर्णाचा हात वाढताना सैल होता आणि जीभ बोलताना. खाणीवरच्या ठेकेदारांकडे काम करणारी बिनलग्नाची पोरं तिच्या हातचं वरण-भात खाण्यासाठी तिच्या शिव्याही खात. नवरा गेला तेव्हा तिनं रडणं लवकर आटोपतं घेतलं आणि चंद्रपूरजवळच्या त्या कॉलनीत, राहत्या घरीच, खानावळ काढली. मुलगा अजय याच खानावळीवर शिकला. सध्या तो पुण्यात नोकरीसाठी वणवण करत होता आणि इकडे त्याची बायको ज्योत्स्ना सासूच्या हाताखाली कणीक मळत होती. घरात दुसरी मिळकत नव्हती. खानावळ चालली तर घर चाललं, इतकं ते सरळ होतं.

कॉलनीच्या मागे बोळ, बोळापलीकडे नाला आणि नाल्याला लागून जंगल. गेल्या उन्हाळ्यात मनकर्णाच्या सांदवाडीमागे, म्हणजे परसाच्या भिंतीबाहेर, खरकट्याचा ढीग साचला, ढिगावर डुकरं आली आणि डुकरांच्या वासावर बिबट आला. त्यानं शेजारची शेळी उचलली. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष श्रीहरी खाणीवरून निवृत्त झालेले फोरमन. ते दारात येऊन म्हणाले, "बाई, आज शेळी गेली. तुमचं खरकटं पुन्हा बाहेर दिसलं त खानावळ बंद. मंग मले काही सांगू नका."

तेव्हा अजयनं नागपूरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून ती चक्की आणली. भांडी घासायच्या सिंकच्या खाली बसते, बटण दाबलं की देठं, सालं, शिळा भात सगळं दळून पाण्याबरोबर गटारात सोडते. श्रीहरींनी स्वतः बटण दाबून पाहिलं, मान हलवली आणि खानावळ वाचली.

दिवाळीनंतर चक्की गळायला लागली.

मुजफ्फर नळकाम करायचा. लहानपणापासून घरातला. त्यानं आधी वायर काढली, मग ओट्याखाली शिरून बॅटरी मारली.

"मौशी, वरचा जोड ठीक आहे. बुडातून गळून राह्यलं. आतलं रबर खल्लास झालं. काय टाकलं होतं हिच्यात?"

"काय टाकतो? अंबाडीची भाजी निवडली, ते टाकलं."

"काड्यांसकट?"

"मंग काड्या का तुह्या घरी धाडू?"

मुजफ्फरनं आतून पिळा पडलेला अंबाडीचा वाख ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. "लोक याचे दोर वळते, मौशी. तुमी चक्कीले फाशी देल्ली."

ज्योत्स्ना हसली. मनकर्णा हसली नाही.

"रबर इथी भेटत नाई. नागपूरले पाहा लागन. तवरक चक्की काढून टाकतो, सरळ पाइप जोडून देतो."

"काढू नको."

"काऊन?"

"श्रीहरीभाऊ केव्हाही डोकावते. चक्की जागेवर दिसली पायजे."

"मंग वायर लावू नका, शॉक बसन. अन् गळणं काही थांबणार नाई, सांगून ठेवतो."

"तू रबर आण. अन् तोंड बंद ठेव."

त्यानं तोंड बंद ठेवलं. रबर मात्र मिळेना.

सिंकमध्ये ओतलेलं सगळं पाणी त्या चक्कीतूनच जायचं, म्हणजे बुडातून गळायचं. खाली बादली ठेवली. इतक्या पोरांची ताटं घासल्यावर बादलीत उतरायचं ते पाणी कसलं, आमटीच ती. भाताची शितं, वरण, तेलाचा तवंग. शिवाय न दळलेलं उष्टं वेगळं. घंटागाडी यायची सकाळी. झाकणाच्या ड्रममध्ये भरून रात्रभर घरात ठेवलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण मनकर्णा सावली तालुक्यातल्या धानाच्या गावातली. दिवस मावळला की खरकटं उंबऱ्याच्या आत राहू द्यायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. आणि तिच्या लेखी कचरा म्हणजे केरसुणीनं लोटायचा तो. शितं असलेलं पाणी हा कचरा नव्हेच, ते गाईचं पोटभर खाणं. तिच्या माहेरी गव्हाणीत असंच ओतत.

सांदवाडीच्या भिंतीबाहेर, बोळात, जुनी सिमेंटची टाकी पडली होती. मनकर्णा रोज संध्याकाळी मागचं दार उघडून बादली तिच्यात रिकामी करू लागली. कॉलनीतल्या वारलूभाऊंची तांबडी गाय येऊन खायची. गाईच्या मुखी अन्न गेलं, काम झालं, असं मनकर्णा स्वतःला सांगत असे. मात्र सांगण्याआधी बोळात कोणी नाही ना, हे ती पाहून घेई. डुकरंही येऊ लागली हे तिला दिसत होतं. ती दगड मारून त्यांना हाकलायची आणि दार लावून घ्यायची.

गाईला चटक लागली. जंगलकडेनं चरून आली की सरळ गोठ्यात जायची ती टाकीपाशी थांबू लागली. मग वारलूभाऊ तिला न्यायला बोळात येऊ लागले. एकटे म्हातारे, दोन्ही कानांनी ठार बहिरे. रोज तीच वेळ, उजेड सरता सरता.

त्या दिवशी पुढच्या खोलीत पोरं पाटावर बसली होती. मनकर्णा भाताचा मोठा गंज गॅसवरून उतरवत होती. ज्योत्स्ना सिंकपाशी, खिडकीसमोर उभी होती.

"आई," ती हळू म्हणाली. "डुकरं पळाले."

"पळू दे."

"कोणी हाकललं नाई. आपोआप पळाले."

मनकर्णानं गंज खाली ठेवला आणि खिडकीशी आली. टाकीभोवती चिखल तुडवलेला, डुकरं नाहीत. गाय उभी होती, पण तोंड टाकीत नव्हतं. मान ताठ, कान पुढे, नाल्याकडच्या रायमुनियाच्या झुडपांवर डोळे रोवलेले. एरवी दिवसभर गळा काढणारी कॉलनीतली कुत्री गप्प होती. वारा नव्हता, तरी झुडपातली एक फांदी हलली आणि थांबली.

बोळाच्या टोकाला काठी टेकत वारलूभाऊ दिसले.

"वारलूभाऊ," मनकर्णानं खिडकीतून हाक दिली. व्यर्थ. त्यांना तोफही ऐकू आली नसती.

ज्योत्स्नानं तिचा दंड धरला. "आई, ओरडू नका. सारी कॉलनी जमन. टाकी भरलेली आहे. मी मागच्या दारानं जातो, त्याईले हात धरून आत घेतो. कोणाले समजणार नाई."

सून मूर्ख नव्हती. तिला खानावळ दिसत होती, पुण्यातला नवरा दिसत होता. मनकर्णालाही तेच दिसलं, आणि ती एक क्षण थांबली. मागच्या दाराची कडी तिनं अर्धी सरकवलीही. मग तिच्या ध्यानात आलं की आपण या पोरीला त्या झुडपासमोर पाठवतो आहोत.

बाहेर वारलूभाऊ गाईपाशी पोचले होते. गाय मागे सरली. तिच्या गळ्यातलं दावं चिखलात लोळत होतं. म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली आणि दावं उचलायला ते कमरेत वाकले. झुडपाकडे त्यांची पाठ होती. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस दिसत नाही, जनावर दिसतं. हे त्या भागात लेकराबाळांनाही ठाऊक.

मनकर्णानं कडी पुन्हा लावली. कणीक मळायचं पितळी कोपर उचललं, लोखंडी झारा घेतला आणि खिडकीच्या गजांशी उभी राहून बडवायला लागली.

"बिबट! बोळात बिबट आहे! पोट्टेहो, उठा!"

पोरं उष्ट्या हातानं उठली. कोणी ताटं वाजवत गच्चीवर गेलं, कोणी भिंतीवर चढून बॅटऱ्या मारल्या. आजूबाजूच्या घरांतून डबे, थाळ्या, फटाके, जे हाती आलं ते वाजू लागलं. वारलूभाऊंना आवाज कळला नाही, पण उजेड डोळ्यांवर आला तसे ते सरळ झाले आणि हात कपाळावर धरून पाहू लागले. त्याच वेळी झुडपातून पिवळं धूड उसळलं, नाल्याच्या काठावर क्षणभर आडवं दिसलं आणि पलीकडे उतरलं. गाय दावं हिसडून घराकडे पळाली.

मग सगळी कॉलनी बोळात. श्रीहरीही आले, बनियनवर शाल गुंडाळून. कोणीतरी बॅटरी खाली मारली. टाकीपलीकडे, झुडपांकडच्या चिखलात, डुकरांच्या खुरांवर पंजा उमटला होता. ताजा, पाणी अजून आत झिरपत होतं. श्रीहरींनी टाकीत पाहिलं. भात, वरण, वांग्याची देठं.

"हे कोण टाकते इथी?"

ज्योत्स्ना मागच्या दारात उभी होती, पदर तोंडाशी.

एका पोरानं वारलूभाऊंच्या कानाशी ओरडून प्रश्न सांगितला. म्हाताऱ्यानं टाकीकडे पाहिलं, मनकर्णाकडे पाहिलं.

"मी टाकतो," ते म्हणाले. "माह्या गाईसाठी. बाईकडून मांगून आणतो. बाईची चूक नाई."

श्रीहरींचा चेहरा जरा सैलावला. एकट्या म्हाताऱ्याला कोण काय करणार? दोन शब्द सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. मनकर्णाला फक्त गप्प राहायचं होतं. आयुष्यात तिला जे कधी जमलं नव्हतं, ते.

"खोटं बोलून राह्यले ते," ती म्हणाली. "माहं होय. चक्की दिवाळीपासून गळून राह्यली. मोटार बंद आहे. रोजची बादली मीच आणून टाकतो."

"अन् मले सांगितलं नाई?"

"सांगितलं असतं त तुमी खानावळ बंद केली असती."

"आता का चालू ठेवू?"

"नाई," मनकर्णा म्हणाली. "मी कुठं म्हटलं?"

पोरानं हेही वारलूभाऊंच्या कानात घातलं. ते मनकर्णाच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

"डुकरं येत होते, हे तुमाले मालूम होतं, बाई?"

तिनं मान हलवली.

"अन् मी रोज येतो, हेही?"

तिनं पुन्हा मान हलवली. वारलूभाऊंनी भिंतीची काठी घेतली. दोन पोरं त्यांना पुढच्या रस्त्यानं घरी सोडायला निघाली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

श्रीहरींनी तिथेच दोन घमेली राख टाकीत टाकायला लावली. उद्या समितीची बैठक घेऊ, असं ते म्हणत होते. "बैठक कायले?" मनकर्णा म्हणाली. "बंद त बंद. घर आमचं चालवायचं कसं, ते आमी पाहू. पण आज पोट्टे अर्ध्या जेवणावरून उठले. ते जेवून जातील." श्रीहरी शाल सावरून चालते झाले.

आत ज्योत्स्ना ओट्याला टेकून रडत होती. मनकर्णानं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि गंज उचलला. पोरं परत पाटावर येऊन बसली होती, कोणाचं लक्ष ताटात नव्हतं.

"उद्यापासून कुठी दुसरीकडं पाहा रे," ती म्हणाली आणि पहिल्या ताटात भात वाढला. "माह्याकडं बंद. आता मुकाट्यानं खा. अन् एक शीत टाकू नका कोणी."