मुकी झालेली पेटी

व्यंकटेशमास्तरांना विजेची सगळी गणितं येत होती. वीज मात्र त्यांनी फारशी पाहिली नव्हती. कल्याणीच्या मदरशात ते सायन्स शिकवायचे, तेही उर्दूतून, कारण निजामी शाळांचा शिरस्ताच तसा. घरात मराठी, बाजारात कानडी, फळ्यापुढे उर्दू. तारेतल्या विजेला जो अडसर होतो त्याला ते वर्गात 'मुजाहमत' म्हणायचे आणि तिची उदाहरणं तोंडी सोडवून दाखवायचे. गावात विजेचे खांबच नव्हते, त्यामुळे त्यांना खोटं पाडणारंही कुणी नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात श्रीपतरावांचा तंबूतला सिनेमा किल्ल्याखालच्या माळावर उतरला. तेलाचं इंजिन, त्यावर फिरणारा डायनमो, आणि आवाज मोठा करणारी एक विलायती लोखंडी पेटी. तिसऱ्याच दिवशी त्या पेटीतून धूर निघाला. पडद्यावरचा राजा तावातावाने ओठ हलवत राहिला, पण कर्ण्यातून शब्द फुटेना.

शुक्रवारी मदरशाला सुट्टी होती. श्रीपतराव पेटी बैलगाडीत घालून मास्तरांच्या दारी हजर झाले.

"मास्तर, हिच्यातून आवाज यायचा. आता नुसता जळका वास यायलाय."

"हे माझं काम नव्हे श्रीपतराव. हैदराबादला न्या."

"तार केलती की! लढाईमुळं सामान यीना म्हनत्यात. आत कुटली तार कुटं जाती, त्याचा नकाशाबी न्हाई त्यांच्याकडं. तुमी विजेचं शिकवता म्हनं?"

"शिकवतो."

"मग?"

आतून मास्तरांच्या पत्नी इंदुताई खुणेनं नको नको म्हणत होत्या. कंदिलाची वात नीट कापता न येणारा आपला नवरा त्यांना चांगला ठाऊक होता. पण तोवर पेटी ओसरीवर उतरलीही होती.

मास्तरांनी तळाचा पत्रा काढला आणि बघतच राहिले. पुस्तकात तार सरळ रेघ असते आणि कोपऱ्यावर काटकोनात वळते. इथे तारांचा नुसता गुंता होता, सुगरणीनं अर्धवट सोडलेल्या खोप्यासारखा. वरच्या बाजूला दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व, खाली मेण लावलेल्या नळ्या, रंगीत पट्ट्यांचे बारके तुकडे. त्यांतला एक तुकडा जळून कोळसा झालेला. वीज अडवणारा तुकडा होता तो, एवढं त्यांनी ओळखलं. पण किती अडवणारा? पट्ट्यांच्या रंगावरून ते कळतं असं त्यांनी ऐकलं होतं, आणि पट्ट्या तर जळून गेल्या होत्या.

त्यांनी स्वतःच नकाशा काढायचं ठरवलं. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर एकेक तार शोधत ते रेघा ओढत बसले. दुपारपर्यंत एक नकाशा झाला. खात्रीसाठी दुसऱ्यांदा काढला, तर तो पहिल्याशी जुळेना. तिसरा काढला. तो दोघांशीही जुळेना.

"आता यातला खरा कोणता?" इंदुताईंनी विचारलं.

"तेच बघतोय," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पेपर कोरा दिलेल्या पोरासारखा झाला होता.

एक गोष्ट मात्र तिन्ही कागदांवर सारखी होती. पेटीच्या शेवटी दोन मोठे व्हॉल्व होते, आणि डावीकडे जे जे तुकडे होते ते ते उजवीकडेही होते. म्हणजे जळलेल्या तुकड्याचा जुळा भाऊ पलीकडे शाबूत होता! मास्तरांनी मदरशातून वीज दाखवणारा सुईचा गॅल्व्हॅनोमीटर, बॅटरी आणि मुजाहमत मोजायचा पितळी खुंट्यांचा डबा आणला. शाबूत तुकड्यानं सुई जिथवर गेली, तिथवरच ती जाईपर्यंत डब्यातल्या खुंट्या काढल्या-घातल्या. चारशे ओहमच्या आसपास भरलं. प्रयोगशाळेत केसाएवढ्या बारीक तारेचं एक रीळ होतं. तेवढाच अडसर होईल इतकी तार मोजून त्यांनी पाटीवरच्या पेन्सिलीभोवती, वेढ्याला वेढा लागू न देता गुंडाळली.

डाक लावायला, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायला, पत्र्याचं काम करणारे सिद्धप्पा आले. त्यांनी सवयीनं नवसागर काढला.

"नवसागर नको अण्णा. तारा खाऊन टाकील तो. राळ घ्या."

"राळेनं डाक धरत न्हाई मास्तर."

"धरतो. पुस्तकात आहे."

सिद्धप्पांनी पुस्तकाला मान दिला. चार वेळा तार स्वच्छ घासल्यावर राळेनं डाक धरला. पेटी उघडल्यापासून पुस्तकातली ही पहिली गोष्ट खरी ठरली होती.

शनिवारी मदरसा सुटल्यावर सगळे तंबूत जमले. इंजिन सुरू झालं, व्हॉल्व तापले, कर्णा गुरगुरला. श्रीपतरावांनी हात जोडले, आणि त्याच क्षणी पाटीची पेन्सिल तडकली. धुराची बारीक रेघ वर गेली.

"परत कामून जळायलंय?" श्रीपतराव ओरडले.

मास्तरांना ठाऊक असतं तर त्यांनी सांगितलं असतं. माप बरोबर, तार बरोबर, जोड पक्का. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच तुकडा दुपदरी, दणकट करून बसवला. या वेळी तुकडा तगला, पण डाव्या व्हॉल्वच्या आतला पत्रा लोहाराच्या भट्टीतल्या सळईसारखा लाल झाला. इंजिन बंद करायला पळापळ झाली. गडबडीत मास्तरांचा हात नको तिथे लागला आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की ते मागच्या बाकावर जाऊन बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. वर्गात वीस वर्षं जिचं गणित केलं, तिची पहिली भेट ही अशी.

सोमवारी फळ्यावर त्यांचं एक उदाहरण चुकलं. आपण शिकवतो ते खोटं, की ही पेटी खोटी, हेच त्यांना समजेना. जळलेली वस्तू बदलली की झालं, याच्या पुढे त्यांचं डोकं जाईना.

मंगळवारी सिद्धप्पा राळेचा खडा परत द्यायला आले. मास्तर तिन्ही नकाशे पसरून बसलेले.

"एक इचारू? ह्यो तुकडा मार खायलाय, खरं न्हवं?"

"हो."

"तुमी मार खानाऱ्यालाच बदलायलाव. मारायलाय कोन, ते बघा की."

चार दिवस मास्तरांनी फक्त जळकं शोधलं होतं. जे धडधाकट दिसत होतं त्याला हातही लावला नव्हता. त्यांनी डाव्या बाजूचा एकेक तुकडा, एका टोकाची तार, म्हणजे त्याचा एक पाय, मोकळा करून, उजवीकडच्या जुळ्याशी ताडून पाहायला सुरुवात केली. शेवटी एका मेणाच्या नळीपाशी सुई अडली. तो कंडेन्सर होता, वीज साठवणारा, पण सरळ पलीकडे जाऊ न देणारा. उजवीकडचा जोडला की सुई किंचित हलून जागेवर यायची. डावीकडचा जोडला की आडवी पडायची ती पडूनच राहायची. वरून नवाकोरा दिसणारा तो तुकडा आतून वीज झिरपू देत होता. त्यामुळे व्हॉल्व भडकायचा आणि खालचा बिचारा तुकडा जळायचा.

आता तसला कंडेन्सर आणायचा कुठून? पेटीच्या एका कोपऱ्यात माइकची जोडणी होती. खेळाआधी श्रीपतराव त्यातून भारदस्त आवाजात जाहिरात करायचे. तिथे तस्साच कंडेन्सर होता.

"म्हंजे मी मुका व्हनार?" श्रीपतराव हिरमुसले.

"तुम्ही नाहीतर नट. दोघांतला एक."

"मग नट बोलू द्या," ते सुस्कारा टाकून म्हणाले.

बुधवारी दुपारी इंजिन चालू केलं. कर्णा गुरगुरला, आणि राजाचा आवाज माळावर असा घुमला की किल्ल्यावरची कबुतरं उडाली. व्हॉल्व लाल झाला नाही. श्रीपतरावांनी मास्तरांना मिठी मारली. मास्तरांचं मात्र लक्ष नव्हतं. सुटे तुकडे ठेवायच्या ताटलीत एक तपकिरी, दोन पायांचा तुकडा उरला होता. तो कुठून काढला ते त्यांना आठवेना. तिन्ही नकाशांत तो नव्हता. आणि त्याच्यावाचून पेटी सुखानं बोलत होती.

तंबू पुढे खजुरीकडे गेला. तिथे श्रीपतराव खेळाआधी उघड्या घशानं ओरडायचे असं कानावर आलं. मास्तरांचं नाव मात्र पार जनवाड्यापर्यंत पोचलं. कुणी रेडिओ आणायचं, कुणी नाटक कंपनीची कर्ण्याची पेटी. प्रत्येकीचं पोट निराळं, नकाशा एकीचाही नाही. काही बोलायला लागल्या, काही कायमच्या गप्प झाल्या. का बोलल्या हे मास्तर दर वेळी सांगू शकत नव्हते, आणि तसं ते सरळ कबूल करायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

पण त्या बुधवारी घरी आल्यावर इंदुताईंनी तांब्या पुढे करत विचारलं होतं, "मग, कळली का पेटी?"

मास्तरांनी तांब्या घेतला.

"निम्मी," ते म्हणाले. "डाव्या बाजूची."