टेबलावर राहिलेला कॅमेरा

फिल्मशाळेचा पहिला सराव सोपा होता: दूरचा, मधला आणि जवळचा असे तीन शॉट घेऊन जोडायचे. रागनहिल्डने जाळं विणणाऱ्या वडिलांना दुपारभर टिपलं, पण ती एका जागी थांबेना, त्यामुळे कॅमेराही स्थिर राहीना. शाळेत एडिटिंगला बसल्यावर एकही शॉट जोडण्याजोगा निघाला नाही, आणि दाखवायचं होतं उद्या.

"अगं, तुझ्या पायाला भिंगरी आहे," शिक्षक एस्किल हसले.

स्थिर तुकडा एकच सापडला. ती कॉफी करायला उठली तेव्हा कॅमेरा टेबलावर चालूच राहिला होता. जाळं बाजूला ठेवून बाबा तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"घटकाभर बसत का नाही ही पोर?" ते पुटपुटले.

ती कॅमेरा घेऊन तडक घरी गेली आणि आधी त्या खुर्चीत बसली.