बांधावर बसलेल्या काक्या

मॉरिशसमधल्या आमच्या मोंतान्य ब्लांश गावाला गणपतीच्या दिवसांत पाऊस रुसलेला असतो आणि आमचा ओढा घोट्याएवढा. त्या वर्षी विसर्जनाचा मान बाबांकडे होता. आदल्या वर्षी शेजाऱ्यांचा गणपती कमरेपर्यंतच बुडाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले होते ते आमचे बाबा. आता त्यांचीच झोप उडाली होती.

मी नुकताच धरणांचं शिक्षण घेऊन परतलो होतो, म्हणजे घरातच फुकटचा इंजिनीयर. विसर्जनापुरता मातीच्या गोण्यांचा बांध दरवर्षी घालतच असत, पण या वेळी तो उंच हवा होता. मी बजावलं, पाणी जितकं खोल, तितकं ते तळाशी जोरात ढकलतं. खालून झिरपून बांधाला उचलूही बघतं. गाळाचा रेटा वेगळाच. या सगळ्यांपुढे टिकायला बांधाकडे एकच गोष्ट असते, स्वतःचं वजन.

बाबा म्हणाले, "वजन हाय की. काक्या हायत."

हे त्यांनी भर देवळात, गावातल्या साऱ्या काक्यांसमोर म्हटलं. वर आईला मधोमध बसवायचं ठरवलं, कारण सगळ्यांत लुर तीच. लुर म्हणजे क्रिओलात जड. काक्या फणफणल्या, पण देवाचं काम म्हणून पदर खोचून गोण्यांवर ओळीने बसल्या. पाणी कमरेच्या वर चढलं, बांध हलला नाही. माझ्या गणितावर मी बेहद्द खूश होतो.

बाबा मूर्ती घेऊन पाण्यात उतरले आणि काठावर कोणीतरी ढोलकीवर झाकरीच्या नाचाचा ठेका धरला. झाकरी सुरू झाली की आमच्या बायका बसून राहत नाहीत. हा जोर कुठल्याच पुस्तकात नव्हता. एकेक काकी उठली, काठावर गेली आणि फेरात शिरली. गोण्या सरकू लागल्या. मी ओरडलो, पण कोणी वळूनही पाहिलं नाही.

आई उठली नाही. फेरात दरवर्षी पहिलं पाऊल तिचं असायचं. ती दोन्ही हातांनी गोणी धरून बसली. पाय मात्र पाण्यात नाचत होते. गणपतीचा मुकुट बुडाला, तेव्हा कुठे बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला आईचा अभिमान वाटला आणि बाबांचा राग आला.

"ऊठ आता," ते हळूच म्हणाले.

"आता ढोलकी थांबली," आई म्हणाली. "फुडल्या साली तुमी बसा."

पुढल्या वर्षी बाबा बसले. हाडकुळा माणूस, म्हणून मी त्यांच्या मांडीवर दोन गोण्या ठेवल्या. तरी बांध गेला, बाबांसकट. सगळे धावले. आई तेवढी फेर सोडून हलली नाही.