त्या गाण्यात आई काय म्हणाली

लग्नसराईत नवरीला तयार करत असताना बाहेर डीजेवर ते गाणं लागलं, की मी हातातलं आयलायनर आधी खाली ठेवते. मग उठून दार लावून घेते. नवऱ्या विचारतात, "ताई, आवडत नाही का हो तुम्हाला? केवढं हिट आहे!" मी म्हणते, "मान हलवू नकोस, डोळ्यात जाईल." माझी जीभ तिखट आहे हे कोपरगावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पुढे कुणी विचारत नाही.

त्या गाण्याच्या व्हिडिओत माझी आई आहे. चार-पाच सेकंद असेल फार तर.

माझं कोपरगावात पार्लर आहे आणि माहेर पुणतांब्याचं. मुंबईची एक मोठी गायिका आणि तिच्या जोडीला भराभर बोलणारा एक रॅपर, अशा दोघांचं मिळून ते गाणं. पोरी त्याला कोलॅब म्हणतात. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. व्हिडिओत गावाकडचं लग्न दाखवायचं होतं आणि मागे नदी पाहिजे होती, म्हणून शूटिंगवाले पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर आले. माणसं जमवून देणारा एक को-ऑर्डिनेटर होता. त्याच्या बहिणीच्या लग्नात मेकअप मी केला होता, त्या ओळखीवर त्यानं मला फोन केला. "ताई, वऱ्हाडात बसायला तीसेक बायका पाहिजेत. त्यांचा साधा मेकअपही तुम्हीच करून द्या. पण शब्दाच्या पक्क्या बायका आणा, मधूनच उठून जाणाऱ्या नकोत."

मी तर हरखूनच गेले. आजवर नवऱ्या रंगवल्या, हळदीकुंकवाच्या बायका रंगवल्या, पण कॅमेऱ्यासमोर माझं काम जाणार म्हणजे काय! गावातल्या ओळखीच्या सगळ्या बायकांना फोन केले. आईला तर विचारलंच नाही, सांगितलं.

"मला कुठं नेतीस बाई?" आई म्हणाली. "दोन दिस झालं, बरं वाटत न्हाई मला."

"तुझं नेहमीचंच आहे ते," मी म्हणाले. "चार बायकांत बसलीस की आपोआप बरं वाटेल."

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

सकाळी शाळेच्या एका वर्गात आमचा मेकअप चालला होता. आई बाकावर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. डोळ्यांखाली काळं, ओठ पांढरे पडलेले. आमच्या धंद्यात चेहरा उतरलेला दिसला की फाउंडेशनचा हात जरा जड मारायचा आणि गालांवर लाली वाढवायची. तो का उतरला, हे विचारायची आम्हाला सवयच नसते. मी तिच्या डोळ्यांखालचं काळं झाकलं, गाल गुलाबी केले आणि ओठांना चांगली गडद मरून लिपस्टिक लावली. जन्मात तिनं लिपस्टिक लावली नव्हती. "आगं, लोकं हसतील! तमाशात उभी ऱ्हातीय व्हय मी?" असं म्हणून ती पदरानं ओठ पुसायला गेली, तर मी तिचा हात धरला. मग आरशात बघून लाजली. शूटिंगवाल्यांनी दिलेली पिवळी साडी तिला खरंच शोभत होती. माझं काम मलाच आवडलं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला मोपेडवरून आणून सोडलं होतं. अण्णांनी साखर कारखान्यात मिलहाउसला नोकरी केली. ऊस जिथं रोलरखाली जातो ते मिलहाउस. तिथल्या आवाजानं रिटायर व्हायच्या आधीच त्यांचे कान गेले. मशीन घेऊन दिलं ते कपाटात पडलंय, कारण त्यात म्हणे नुसती खरखर येते. त्यामुळे ते शूटिंग बघायला थांबतील असं माझ्या मनातही आलं नाही. गाणं ऐकू येत नाही, तिथं माणूस उन्हात उभं राहून करणार काय?

घाटावर बायकांना पायऱ्यांवर ओळीनं बसवलं. आई तिसऱ्या ओळीत. ती गायिका छत्रीखालून आली तशी बायकांत खसखस पिकली. "आगंबाई, केवढी बारीक ही! हिला जेवाय घालीत न्हाईत का घरी?" मी दटावलं तरी हसणं थांबेना. मग मोठ्या स्पीकरवर गाणं लागलं, ती दोघं नाचायला लागली आणि बायकांनी टाळ्या वाजवायच्या. तोच तुकडा परत, परत, परत. उन्हानं माझा पावडरचा डबा तापला. मी कडेनं फिरत एकेकीचा घाम टिपत होते. आईचाही टिपला. तिला लईच घाम आला होता. मला वाटलं, उन्हाचा.

संध्याकाळी मी कोपरगावला पोहोचल्यावर तिचा फोन आला, "मज्जा आली गं." एवढंच म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांत तिला नगरला दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात गाठ निघाली, आणि ती नुसती पोटात राहिलेली नव्हती. दोन महिन्यांत आई गेली. तेराव्याला महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा ते गाणं आलं.

पार्लरमधली माझ्या हाताखालची मुलगी मोबाईल घेऊन धावत आली. "ताई, तुमच्या आई! बघा तरी!"

पिवळ्या साडीतली आई समोर बघते. तिचे ते मरून ओठ हलतात, काहीतरी म्हणते. मग दोनदा मान हलवते आणि टाळ्या वाजवायला लागते. पुढे लगेच गायिकेची गिरकी येते आणि आई संपते. खाली लोकांनी लिहिलं होतं, पिवळ्या साडीतल्या काकू एक नंबर, काकू काय रंगल्यात तालात. मी ते वाचून रडले आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा कापून स्टेटसला ठेवला. महिनाभर रोज तोच ठेवला. येईल त्या बाईला दाखवला.

आईचे फोटो आहेत आमच्याकडे. पण हलती-बोलती आई कुठेच नाही. कुणी मोबाईल समोर धरला की ती पदर तोंडावर घ्यायची, "ठेव तो डबडा" म्हणायची. जगात तिचं बोलणं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि त्याच्यावर ते ढॅण ढॅण गाणं चढवलेलं! ती काय बोलली हे मला कळायलाच पाहिजे होतं. दुसरं काही सुचेना मला.

मी को-ऑर्डिनेटरला फोन केला. म्हटलं, मला मूळ आवाज काढून द्या, हवं तर हात जोडते.  तो बिचारा म्हणाला, "ताई, गाण्याच्या शूटिंगला आवाज घेतच नाहीत. गाणं आधीच झालेलं असतं. ते लावायचं आणि ओठ हलवायचे." मी त्यालाच चार शब्द सुनावले. त्याचा काय दोष होता?

मावशी म्हणाली, "लेकीनं नटवलं मला, असं म्हनतीय बघ ती." मला ते इतकं बरं वाटलं की काही दिवस मी तेच धरून चालले. पण ओठ जुळत नव्हते. मी शंभरदा बघायचे, आरशासमोर तसे ओठ करून बघायचे. जुळायचे नाहीत.

अण्णा तर मोबाईलला हातच लावत नव्हते. पहिल्या दिवशी दाखवायला गेले तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "गानं मला ऐकू येत न्हाई. बघून काय करू?" ते ओरडूनच बोलतात, आपला आवाज त्यांना कळत नाही. पण त्या दिवशी मला ते वस्सकन अंगावर आल्यासारखं वाटलं. मला राग आला. बायको गेली या माणसाची, दोन मिनिटं बघवत नाही? मीही हट्टानं परत विचारलं नाही.

पार्लरला एक बाई येतात. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात. भुवया करताना मी त्यांनाही तो तुकडा दाखवला. म्हटलं, तुम्हाला ओठांवरून कळतं ना? त्यांनी चष्मा लावला, चार-पाच वेळा बघितलं.

"अवघड आहे हो," त्या म्हणाल्या. "ओठ मिटले म्हणजे प असेल, ब असेल, म असेल, सगळं एकसारखंच दिसतं. पण एक सांगू? या शेजारणीशी बोलत नाहीयेत. गाणंही म्हणत नाहीयेत. बघा, तोंड अगदी समोर, एकेक शब्द सुटा. आम्ही मुलांशी असं बोलतो. घरात कुणाला कमी ऐकू येतं का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई गं!

आई अण्णांशी असंच तर बोलायची. समोर उभी राहून, सावकाश, आणि कितीदा तर आवाज न काढताच. नुसते ओठ. पाहुण्यांच्या देखत दूध संपल्याचं ती त्यांना असं सांगायची, की ते गुपचूप किटली घेऊन उठायचे आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं चाललेली गोष्ट, आणि ती सांगायला परकी बाई लागली. मी आवाज शोधत हिंडत होते. तिनं आवाज काढलाच नसणार.

रविवारी सकाळीच पुणतांब्याला गेले. अण्णा अंगणात घोंगडीवर बसून लसूण सोलत होते. मी समोर बसले, मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि सावकाश म्हटलं, "अण्णा, बघा. आई तुमच्याशी बोलतीय."

त्यांनी बघितलं नाही. लसणाची पाकळी तशीच हातात राहिली.

"मला बघाया नको," ते म्हणाले. "मी तितंच हुतो. दोरीच्या मागं, कॅमेऱ्याच्या बाजूला. ती माझ्याकडंच बघतीय."

"काय म्हणाली?"

"पोटात लई कळ आलीय म्हनली. घरी चला म्हनली."

 मी विचारलं, "मग?"

अण्णांनी उजवा हात वर केला. पंजा उघडा, तिच्याकडे केला होता तसा. "थांब म्हनलो मी तिला. आसं. तिनं मान हलिवली, आन टाळ्या वाजवाय लागली."

म्हणजे लोकांना जो ताल दिसत होता तो ताल नव्हताच. नवऱ्यानं थांब म्हटलं, ती बरं म्हणाली.

"का थांब म्हणालात?" मी ओरडले. तोंड दुसरीकडे होतं, त्यांना कळलं नाही. परत समोर वळून विचारावं लागलं.

"तुज्या शब्दावर बसलीवती ना ती," अण्णा म्हणाले. "मदीच उठली आसती तर तुला बोलले आसते ती लोकं. पोरीला खाली बघाय लागंल, म्हून थांब म्हनलो."

त्यांच्या बोलण्यात मला दोष दिलेला नव्हता. दिला असता तर परवडलं असतं. मी तिथंच घोंगडीवर डोकं टेकून रडले. मीच तिला बळंच नेलं, तिचं आजारपण मीच रंगाखाली झाकलं, आणि त्या तुकड्याचं स्टेटस करून महिनाभर मीच मिरवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ जुनी आहे, म्हणजे तेव्हाच उठली असती तरी काही फरक पडला नसता. मला ते समजतं. पण त्यानंतर ती आणखी दोन तास टाळ्या वाजवत बसली होती, हेही मला समजतं.

 अण्णांनी लसणाचा हात धोतराला पुसला आणि मोबाईल मागितला. पहिल्यांदाच बघितलं त्यांनी. मला परत लावायला लावलं, परत, आणि परत. आई बोलायला लागली की ते मोबाईल जरा लांब धरायचे, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याइतका.

मग त्यांनी विचारलं, "ती बोलतीय तवा गान्यात काय म्हनतेत गं?"

त्या गाण्यात दर कडव्यानंतर एकच ओळ येते. ती गायिका आणि तो रॅपर दोघं मिळून म्हणतात, घरी जायची घाई कुणाला, कुणाला. नाचायच्या गाण्यात दुसरं काय असणार? लिहिणाऱ्याला काय माहीत? आईचे ओठ हलतात तेव्हाही तीच ओळ चालू असते. आख्ख्या जिल्ह्यात लग्नाच्या मांडवात लोक तीच म्हणत नाचतात.

मी तोंड नीट अण्णांच्या समोर केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "शब्द नाहीत तिथं, अण्णा. नुसतं वाजतंय."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग मोबाईलकडे बघितलं.

"मग बरं हाय," अण्णा म्हणाले. "मंजी तितं ती एकटीच बोलतीय."