आधी खिचडी, मग थाळी

गोमाईकाठच्या आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. शहाद्याला कॉलेजात निघालो की त्या दारात दिसतात. बोलताना माझ्याकडे कमी आणि नदीकडे जास्त बघतात. नदीच्या वरच्या अंगाच्या गावातल्या एका बाईने पाणी वाढल्याचा फोन केला, की त्या आधी उंचावरच्या शाळेत मोठ्या पातेल्यात खिचडी टाकतात. मग गल्लीतल्या बायांना घेऊन, थाळ्या वाजवत, सगळ्यांना शाळेत बोलावतात. असा उलटा क्रम का, हे मला कळत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी बोलावलं आणि पाणी आलंच नाही. अगदी काठावर एकटे राहणारे म्हातारे अण्णा हसत म्हणाले, "व माय, तुन्ही नदी कोठे शे?"

मला भीती वाटली, की पुढच्या वेळी कोणी येणार नाही. मावशी मात्र डाव घेऊन उठल्या. "नही उनी ते चांगलंच झायं. जेवाले बसा. आते खिचडी काय नदीले देऊ?"

सगळे हसले आणि जेवले.

पुढे एकदा चांगलं ऊन पडलेलं असताना थाळ्या वाजल्या. अण्णा स्वतःची ताटली घेऊन सगळ्यांच्या आधी शाळेत आले. "नदी येवो का नको येवो, खिचडी ते शेच ना!"

ते जेवत असतानाच खाली त्यांच्या घरात पाणी शिरताना शाळेतून दिसलं. त्यांचा हात थांबला. मला वाटतं, मावशींच्या जागी मी असतो तर त्यांना काहीतरी टोचून बोललो असतो. मावशींनी नदीकडे पाठ केली आणि त्यांच्या ताटलीत आणखी एक डाव वाढला.

"जेवा, अण्णा. घर आमी बाया धोई देसूत."