जळलं नाही, म्हणून निधी नाही

गल्लीत त्याला सगळे ठिणगी म्हणत. एक तर तो वेल्डर, आणि दुसरं म्हणजे डोकं कायम तापलेलं. त्याचं घर गल्लीतलं शेवटचं, परसदाराबाहेर पाऊल टाकलं की डोंगर सुरू. मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण, ताई, कमरेखाली लुळी होऊन बारा वर्षं खाटेवर होती. जीभ मात्र शाबूत होती.

उन्हाळ्यात डोंगर पेटायचा. म्हणून थंडी सरली की ठिणगी आणि गल्लीतली पाच-सहा माणसं विळे घेऊन घरांमागचं वाळकं गवत वीस पावलं रुंद कापून काढत. अशा पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. वरून आलेली आग तिथवर पोचते आणि खायला काही नाही म्हणून विझते. अकरा वर्षं गल्लीतलं एक कौलही तडकलं नव्हतं. यंदा मात्र दोघं वारले होते, एक मुलाकडे राहायला गेला होता आणि ठिणगीची स्वतःची कंबर धरली होती. गवत छातीला लागत होतं. ताईला खोलीबाहेर काढायला दोन धडधाकट माणसं लागतात, आणि आग काही माणसं जमेपर्यंत थांबत नाही.

नगरपालिकेकडे वणवा रोखायला निधी होता. अर्जात रकाना होता, मागच्या तीन वर्षांत वणव्यानं झालेलं नुकसान. ठिणगीनं लिहिलं, काही नाही. छाती फुगवून लिहिलं गाढवानं! कारकुनानं शून्य गुण दिले आणि अर्ज बाजूला सारला. नुकसान नाही म्हणजे धोका नाही, असं या विद्वानाचं शास्त्र. पलीकडच्या गल्लीनं जन्मात काडी उचलली नव्हती. ती दोनदा होरपळली आणि तिला निधी मिळाला. त्यातून त्या शहाण्यांनी स्वागताची कमान उभारली.

तिसऱ्या खेपेला कारकुनानं आवाज खाली आणून सुचवलं की एखादं छप्पर जरासं जळलं असतं, तर काम सोपं झालं असतं. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर घरी येताना त्यानं शेजाऱ्याच्या पडक्या गोठ्याकडे दोनदा वळून पाहिलं. हे त्यानं ताईला सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती.

"अकरा वर्षं माझ्यासाठी गवत कापतोस," ताई म्हणाली, "आणि मला एकदाही विचारलं नाहीस. उद्या मला त्या नगरपालिकेत घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी लोखंडी फाटकं पोचवायच्या टेम्पोत खाट चढली. शेजाऱ्यांनी ती जिन्यावरून नेऊन नगराध्यक्षांच्या टेबलासमोर ठेवली. ताईनं सांगितलं की गवत कापलं जाईपर्यंत ती इथेच राहील, म्हणजे निदान उचलायला माणसं तरी असतील. अध्यक्ष फोटोत हसतात तसे हसले. धोरण, प्रस्ताव, पुढची बैठक असं बरंच काही बोलले. ताईनं ऐकून घेतलं आणि ठिणगीला बाहेर बसायला सांगितलं.

बाराच्या सुमाराला तिनं अध्यक्षांना शांतपणे सांगितलं की तिला लघवीला जायचंय, खाटेखाली भांडं आहे, ते कुणीतरी द्यावं. त्या कचेरीची तारांबळ काय वर्णावी! शिपाई गायब झाला. कारकुनाला तळमजल्यावरची फाईल आठवली. आगीला न घाबरणारे अध्यक्ष खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले आणि बाहेर पळाले. शेवटी झाडणारी बाई आली आणि तिनं दार लावून सगळं नीट केलं. पाच मिनिटांचं काम.

अर्ध्या तासात नियम सापडला. म्हणे अध्यक्षांना स्वतःच्या अधिकारात खर्च मंजूर करता येतो. कालपर्यंत हा नियम कुठे झोपला होता कोण जाणे. आदेश निघाला, शिक्का बसला, गवत कापायची यंत्रं घेऊन चार माणसं डोंगराकडे गेली. संध्याकाळी पट्टा साफ झाल्याचा निरोप आला आणि ठिणगी ताईला न्यायला धावत आत गेला. डोळे भरून आले होते, ते त्यानं बाहीनं पुसले.

ताई हलायला तयार नव्हती. समोर घामाघूम अध्यक्ष कागदावर काहीतरी लिहीत होते.

"बस जरा," ती म्हणाली. "साहेब 'दरवर्षी' हा शब्द घालतायत."